जीपची चासी लांबवताना: जोड धरतो, शेजार तुटतो

एका जुन्या डिझेल जीपखाली मी हातात बॅटरी धरून उताणा पडलो होतो. मालकाचं म्हणणं एवढंच, की खड्ड्यातून गेलं की मागून कुरकुर येते. सात-आठ वर्षांपूर्वी कुणाकडून तरी त्याने तिची चासी अकरा इंच लांबवून घेतली होती. जोड बघितला आणि वेल्डरच्या हाताला दाद दिली. सलग, भरीव वेल्ड, कुठे छिद्र नाही. वरून जाड चौकोनी पट्टी चढवलेली आणि तीही चारही बाजूंनी वेल्ड केलेली. पट्टीच्या खालच्या कोपऱ्यातून मात्र एक तपकिरी रेघ निघाली होती. चासीच्या खालच्या अंगाला आडवी कापत ती उभ्या पत्र्यात निम्म्यापर्यंत चढली होती. बोटाने पुसली तर गंज निघाला, रेघ राहिली. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यात सहज गेलं.

जोड ठणठणीत, शेजारचं लोखंड फाटलेलं. लांबवलेल्या गाड्यांमध्ये हे इतक्यांदा दिसतं, की "वेल्डिंग मजबूत करून घ्या" हा सल्ला मला आता अर्धवट वाटतो. शेजार का तुटतो हे एकदा कळलं, की कुठे कापायचं, कसं कापायचं, पट्टी कुठल्या आकाराची लावायची, हे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

आधी चासी म्हणजे काय ते बघू. गॅरेजमध्ये चासी म्हणतात, कंपनीच्या कागदावर चेसिस असतं. जीप, थार, जिप्सी, जिमनी या गाड्यांच्या खाली जमिनीला समांतर झोपवलेली एक शिडी असते. तिच्या दोन लांब बाजू म्हणजे रेल आणि पायऱ्या म्हणजे क्रॉस मेंबर. इंजिन, गिअर बॉक्स, पाटे (म्हणजे लीफ स्प्रिंग), बॉडी, सगळं या शिडीवर बसतं. साध्या मोटारीला अशी वेगळी शिडी नसते, तिचा पत्र्याचा डबाच सगळा भार घेतो. म्हणून "मधून कापून लांब करू" हा उद्योग शिडीवाल्या गाड्यांच्याच नशिबी येतो.

हा उद्योग गल्लीतल्या गॅरेजने शोधलेला नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात सीजे-५ जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ८१ इंच होता. त्याच गाडीत वीस इंच वाढवून १०१ इंचांची सीजे-६ विकायला काढली. तिच्याआधी लष्करासाठी अशीच लांबवलेली रुग्णवाहिका होती. २००४ मध्ये जीपनेच रँगलरचा व्हीलबेस ९३.४ वरून १०३.४ इंचांवर नेला. सगळ्यात धाडसी प्रकार लँड रोव्हरचा. १९८० च्या दशकात त्यांनी ११० इंची गाडीची चासी चक्क मधून कापली, १७ इंचांचा तुकडा घातला, वेल्ड केलं आणि '१२७' या नावाने विकली. पुढे नाव बदलून १३० केलं. व्हीलबेस १२७ च राहिला, पण १३० दिसायला बरं दिसतं!

आपल्याकडे जुन्या विलिस धाटणीच्या जीपचा व्हीलबेस ८० इंच आणि नंतरच्या महिंद्रा एमएम ५४० चा ९१, हे जीपवेड्यांना तोंडपाठ असतं. मघाच्या जीपचे ते अकरा इंच इथूनच आले होते. वडापच्या जीपमध्ये मागे समोरासमोर बसून, गुडघ्यांत गुडघे अडकवून ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना लांबीची हौस का असते हे सांगायला नको. पण ऑफरोडवाल्यांचं, म्हणजे रस्ता सोडून डोंगर-दगडांत गाडी घालणाऱ्यांचं कारण वेगळं असतं. त्यांना चढ चढायचा असतो.

आखूड गाडी उभ्या चढावर मागे कलंडते. समजा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटर वर आणि मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या १००० मिलिमीटर पुढे आहे. ढोबळ हिशेबाने ५५ अंशांच्या चढाला ती मागच्या चाकांवर उलटण्याच्या बेतात येईल. मागचा ॲक्सल २८० मिलिमीटर, म्हणजे अकरा इंच मागे नेला तर तोच आकडा ६१ अंशांवर जातो. प्रत्यक्षात खडक, उसळी आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय यामुळे गाडी फार आधीच दगा देते, पण लांब गाडी चढावर शांत का वाटते ते यातून कळतं.

किंमत कुठे मोजावी लागते ते जिमनीत स्वच्छ दिसतं. तीन दरवाज्यांच्या जिमनीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर, भारतात बनणाऱ्या पाच दरवाज्यांच्या जिमनीचा २५९०. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटरच. तरी वरंब्यावरून पोट न घासता जाण्याचा कोन २८ वरून २४ अंशांवर उतरतो. वळायला लागणारी त्रिज्या ४.९ मीटरवरून ५.७ मीटर होते. लांबी जितक्या पट वाढली, साधारण तितक्याच पट वळण वाढलं. हे भूमितीचं देणं आहे, ते कुठलाही वेल्डर माफ करून देऊ शकत नाही.

आता त्या रेघेकडे परत येऊ. चासीवर भार आला की ती मधे वाकते. दोन टोकांना टेकवलेल्या फळीवर मधोमध कोणी उभं राहावं तशी. तेवढ्याच जाडीची फळी लांब केली तर तिच्यातला ताण लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण वाक वाढतो लांबीच्या घनाच्या प्रमाणात. ८० चे ९१ इंच केले तर लांबी वाढली १४ टक्के आणि वाक वाढला ४७ टक्के. ८१ चे १०१ केले तर वाक जवळजवळ दुप्पट. "एक फूटच तर वाढवलाय" असं कोणी म्हणालं की मला हा घन आठवतो.

वाकताना चासीचं सगळं लोखंड सारखं राबत नाही. खोडरबराच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारा आणि तो मधे खाली वाकेल असा दाबा. खाली रेघा फाकतील, वर जवळ येतील आणि मधोमध काहीच होणार नाही. जुन्या जीपच्या रेलचा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा असतो: मधे उभा पत्रा, वर-खाली आडव्या पट्ट्या, ज्यांना फ्लँज म्हणतात. चाकांच्या मधल्या भागात खालची फ्लँज ताणली जाते, वरची दाबली जाते आणि उभ्या पत्र्याचा मध्य जवळपास आरामात असतो. चीर ताणातून पडते. म्हणून खालच्या फ्लँजला आडवी वेल्ड, तिच्यात पाडलेलं भोक किंवा ग्राइंडरचा साधा ओरखडासुद्धा महागात पडतो. भोक पाडायचंच असेल तर उभ्या पत्र्याच्या मध्यावर पाडा.

वाकण्यापेक्षा पिळणं ऑफरोडमध्ये जास्त होतं. पुढचं डावं चाक खडकावर, मागचं उजवंही वर, की शिडी टॉवेलसारखी पिळली जाते. घरी एक प्रयोग करा. टूथपेस्टचा कागदी खोका घ्या, दोन्ही टोकं उघडा आणि पिळायचा प्रयत्न करा. दाद देणार नाही. आता एक कड ब्लेडने लांबीभर चिरा आणि पुन्हा पिळा. मऊ पडतो. कागद तेवढाच, जाडी तीच, फक्त नळी उघडी झाली. पातळ पत्र्याच्या बंद नळीत आणि उघड्या सी चॅनलमध्ये पिळाला विरोध करण्याचा फरक शेकडो पटींचा असू शकतो.

यावरून कोणालाही वाटेल, की मग चॅनलच्या उघड्या बाजूला पत्रा लावून बॉक्स करून टाकू. बरेच जण करतात. पण जुनी जीप बनवणाऱ्यांनी ती शिडी मुद्दाम पिळण्यासारखी ठेवली होती. जोडाभोवतीचा दोन फूट भाग बॉक्स केला तर तो पिळणं बंद करतो आणि त्याच्या वाट्याचा पीळ उरलेल्या चॅनलला घ्यावा लागतो. तोही बॉक्स जिथे संपतो, नेमका तिथे.

मोबाइलच्या चार्जरची वायर कुठे तुटते ते आठवा. मधे कधीच नाही. पिनच्या कडक प्लास्टिकमधून मऊ वायर जिथे बाहेर पडते, तिथे. कडक भाग वाकत नाही, मऊ भाग वाकतो आणि सगळा वाक त्या एका रेषेवर गोळा होतो. मघाच्या जीपवरची जाड चौकोनी पट्टी ही ती पिन होती. तिची कड रेलला काटकोनात, म्हणजे ताणाला बरोबर आडवी. त्या कडेवर आडवी वेल्ड, वेल्डच्या काठाला नेहमी असतो तसा बारीक खाचा आणि वेल्डच्या उष्णतेने मूळचा पोत बदललेला पत्रा. चार शत्रू एका रेषेवर. पट्टी जितकी जाड, तितका शेजार दुबळा.

उपायही चार्जरमध्येच आहे. चांगल्या पिनला मागे निमुळती, खाचांची रबरी नळी असते, कडकपणा हळूहळू कमी करत नेणारी. चासीवरची पट्टीही तशीच हवी. रुळांच्या फिश प्लेटवरून तिला फिश प्लेट म्हणतात, पण आकार पतंगासारखा, दोन्हीकडे निमुळता. रेलच्या पत्र्याएवढ्याच जाडीची, फार जाड नाही. ती उभ्या पत्र्यावर बसवायची आणि वेल्ड तिच्या तिरक्या कडांवर चालवायची. रेलला काटकोनात जाणारी वेल्ड कुठेच नको. बाहेरच्या पट्टीपेक्षा चॅनलच्या आत घट्ट बसणारा दुसरा चॅनल घातला तर आणखी बरं. त्याचीही टोकं माशाच्या उघड्या तोंडासारखी कापलेली असावीत.

कापण्याचं तत्त्वही हेच. सगळा दुबळेपणा एका रेषेत येऊ द्यायचा नाही. रेल सरळ काटकोनात कापली तर वरच्या फ्लँजचा, उभ्या पत्र्याचा आणि खालच्या फ्लँजचा जोड एकाच ठिकाणी येतो. ४५ अंशांत तिरकी कापली तर वरचा जोड एकीकडे आणि खालचा चॅनलच्या उंचीएवढा पुढे जातो. पायरीसारखा झेड कट केला तर हे अंतर हवं तेवढं वाढवता येतं, फक्त पायरीचे कोपरे टोकदार ठेवू नयेत. डाव्या आणि उजव्या रेलचे कापही समोरासमोर नकोत. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, त्यातलाच प्रकार.

जागा निवडताना गिअर बॉक्सच्या क्रॉस मेंबरच्या मागे आणि मागचे पाटे चासीला जिथे अडकवतात त्या पुढच्या हँगरच्या अलीकडे, जिथे दोन्ही रेल सरळ आणि समांतर आहेत, तेवढाच पट्टा उरतो. आखूड जीपमध्ये तो फार मोठा नसतो. मधे तुकडा घातला की प्रत्येक रेलला दोन, म्हणजे एकूण चार जोड. भंगारातून तशीच दुसरी चासी मिळाली तर एकीचा पुढचा लांब भाग आणि दुसरीचा मागचा लांब भाग घेऊन दोनच जोडांत काम होतं. मी कधीही दुसरा मार्ग घेईन. लोखंड त्याच जातीचं मिळतं आणि चुका निम्म्या होतात. मात्र कागदपत्रांवरचा चासी नंबर ज्या तुकड्यावर ठोकलेला आहे, त्याला हात लावायचा नाही.

कापण्याच्या आधीचं माप मला सगळ्यात आवडतं. गाडी सपाट कोब्यावर, घोड्यांवर (म्हणजे लोखंडी स्टँडवर) सारखी उभी करायची. पाट्यांच्या हँगरच्या भोकांतून ओळंबे सोडायचे. ओळंबा थांबला की त्याच्या टोकाखाली खडूचा ठिपका. चारी ठिपके झाले की टेपने दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तर चासी काटकोनात आहे. दोन-तीन मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक आला तर ती आधीच कुठेतरी ठोकर खाऊन बसलीय आणि तो बाक लांबवताना मोठा होणार. रेलच्या वरून लेव्हल ट्यूब फिरवायची म्हणजे पीळ कळतो. हे ठिपके पुसायचे नाहीत. टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे छोटे ठिपके मारल्यावर आणि पूर्ण वेल्ड झाल्यावर पुन्हा तेच मोजायचं. मागचा ॲक्सल एका बाजूला जरा मागे गेला, तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी तिरकी चालते आणि बिचाऱ्या स्टिअरिंगला दोष लागतो.

वेल्डिंग करताना फक्त चकचकीत शिवण बघू नका. तीन-चार मिलिमीटरच्या पत्र्याच्या कडा नुसत्या भिडवून वरून रॉड फिरवला तर वेल्ड कातडीवर बसते, आत फट तशीच राहते. म्हणून कडा घासून व्ही आकार द्यायचा, मधे दोनेक मिलिमीटर फट ठेवायची, म्हणजे धातू मुळापर्यंत उतरतो. रंग, गंज, ग्रीस चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचं. मग आधी फक्त टाके. एका बाजूला एक, तिरक्या बाजूला दुसरा. एक मीटर पोलाद शंभर अंशांनी तापलं की साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. वेल्ड थंड होताना आकसते आणि जी बाजू भरली तिकडे चासी ओढते. एका दमात एक बाजू भरली तर ओळंब्याचे ठिपके फुकट गेले समजा. छोटे तुकडे, बाजू बदलत, मधे विश्रांती. घाईत पाणी ओतून थंड करणारा वेल्डर दिसला तर त्याला चहाला न्या!

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने करायचं वेल्डिंग असेल तर उत्तम. साध्या रॉडने करायचं तर ७०१८ जातीचा, कमी हायड्रोजनचा रॉड वापरतात. हा रॉड ओल लगेच पितो आणि ओल्या रॉडमधला हायड्रोजन वेल्डच्या शेजारच्या लोखंडात शिरून मागाहून चीर पाडू शकतो. कोकणात जुलै महिन्यात उघड्या पाकिटातला रॉड वापरणं म्हणजे भिजलेल्या काडेपेटीवर भरवसा ठेवणं. रॉड भट्टीत सुकवून गरमच वापरावा लागतो. फिश प्लेटखाली येणारी वेल्ड घासून सपाट करताना ग्राइंडर रेलच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा. आडवे ओरखडे ठेवले तर चिरेला तयार रस्ता मिळतो.

सुरुवातीलाच करायच्या गोष्टी म्हणजे डिझेलची टाकी उतरवणं, ब्रेकचे पाइप बाजूला करणं, बॅटरीच्या दोन्ही तारा काढणं. गाडीत ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) असेल तर त्याचीही जोडणी काढायची. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायचा. तो बंपरला अडकवून मागे वेल्ड केलं तर करंट वाट शोधत बेअरिंगांतून जाऊ शकतो आणि बेअरिंग आतून डागाळतं.

इथे एक मोठी अट आहे. वरचं सगळं जुन्या जीपच्या साध्या मऊ पोलादाला लागू आहे. नव्या गाड्यांच्या चासीत जास्त ताकदीचं पोलाद असतं आणि त्यातल्या काहींची ताकद कारखान्यात काटेकोर तापवून, थंड करून आणलेली असते. तिथे वेल्डची उष्णता ती ताकद त्याच पट्ट्यात उतरवून टाकते. तीन दरवाज्यांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आणि पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सचा २८५०, म्हणून थार कापून ४०० मिलिमीटर घालावेत, असं कोणाच्या मनात येत असेल तर येऊ देऊ नका. कारखान्याने तशी गाडी बनवताना तुकडा घातला नाही, चासीच नव्याने आखली.

लांबी वाढली की मागचा प्रोपेलर शाफ्टही, म्हणजे गिअर बॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणारी नळीही लांबते. शाफ्ट ज्या वेगाला थरथरून दोरीउड्यांसारखा फिरायला लागतो, तो वेग लांबीच्या वर्गाने खाली येतो. शाफ्ट दुप्पट लांब केला तर तो वेग चौथाईवर. आखूड जीपमध्ये मुळात शाफ्ट लहान, त्यामुळे काही इंच चालून जातात. जास्त वाढवलं तर जाड नळी घ्या किंवा मधे बेअरिंग देऊन दोन तुकड्यांचा शाफ्ट करा, आणि बॅलन्सिंग करून घ्याच. फायदा असा की लांब शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे) कमी कोनात चालतात, उंच केलेल्या गाडीला ते मानवतं. ब्रेकचा पाइप मधे जोडून वाढवू नये, अखंड नवा घालावा.

आणि कायदा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा सगळा प्रकार भारतात बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ वैशिष्ट्यं कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच. स्पर्धेच्या गाड्या ट्रेलरवर लादून नेतात, त्याला हेही एक कारण आहे.

त्या तपकिरी रेघेच्या जीपचं काय झालं? पट्टी घासून काढली, चीर जिथे संपत होती तिथे भोक पाडून ती थांबवली, व्ही पाडून मुळापासून भरली आणि आतून माशाच्या तोंडाचा चॅनल बसवला. वर काळा रंग लावू दिला नाही, पातळ पांढराच दिला, म्हणजे गंजाची रेघ आली तर लगेच दिसेल. दोन पावसाळी फेऱ्यांनंतर गाडी पुन्हा आली तेव्हा जोडाचा भाग धुवून घेतला, रंग खरवडला, रॉकेल फासलं, पाच मिनिटांनी कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. चीर असली तर आत मुरलेलं रॉकेल झिरपून खडूवर ओली काळी रेघ उमटते. बॅटरी घेऊन पुन्हा खाली झोपलो आणि जोडाकडे न बघता आधी त्याच्या दोन्ही शेजारी बघितलं. खडू पांढराच होता.